बिरदेवच्या रक्ताचा कागद

“मॅडम, ही सही तुमचीच ना? एवढंच सांगा. दुसरं काही विचारत नाही.”

सभागृहात तिसऱ्या रांगेत एक बाई उभी राहिली होती. पस्तिशीची, साधी सुती साडी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं एक पत्र. व्यासपीठावर डॉ. मदिना तांबोळी यांच्या अंगावर नुकतीच शाल चढली होती, मांडीवर नारळ होता, आणि मागच्या फलकावर ‘जिल्ह्याची लेक, राज्याच्या संशोधन निधीची संचालक’ अशी अक्षरं होती. सांगलीतल्या त्या सत्कारात कुणी प्रश्न विचारील असं कुणाच्या मनातही नव्हतं.

“ताई, प्रश्नोत्तरं नंतर,” सूत्रसंचालक म्हणाला.

“नंतर जेवण आहे. जेवताना माझ्याशी कोण बोलणार?”

लोक हसले. मदिनाबाईंच्या कानशिलापर्यंत राग चढला. हात पुढे करून त्यांनी पत्र मागून घेतलं. गेल्या वर्षीच्या जुलैचं पत्र. ‘आपला प्रस्ताव गुणवत्ता यादीत बसत नसल्याने विचारात घेता येत नाही.’ खाली निळ्या शाईत त्यांची सही. त्या वर्षी अशी आठशेच्या वर पत्रं गेली होती. नकार द्यायचा तर निदान स्वतःच्या हातानं सही करावी, असा त्यांचा दंडक. पण हे पत्र काही त्यांना आठवेना.

“माझीच आहे,” त्या म्हणाल्या.

“बरं,” ती बाई म्हणाली. “त्या सहीपायी एका माणसाच्या मरणाचा पुरावा गेला. तो दारू पिऊन मेला, असं त्याच्या लेकराला शाळेत ऐकावं लागतंय. झालं. बसते मी.”

शेजारच्या खुर्चीतले यजमान प्राचार्य मदिनाबाईंकडे झुकले. “मनावर घेऊ नका मॅडम. तासगावकडच्या एका छोट्या कॉलेजात शिकवते. जरा डोक्यानं तशीच आहे.”

त्या वाक्यानं मात्र मदिनाबाईंचा राग जागा बदलून बसला. ‘जरा डोक्यानं तशीच’ हे शब्द त्यांनी स्वतःबद्दल तीस वर्षं ऐकले होते. त्यांनी नारळ टेबलावर ठेवला, शाल खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून सरळ तिसऱ्या रांगेत गेल्या.

“नाव काय तुमचं?”

“श्रद्धा कोष्टी. जीवरसायन शिकवते.”

“चला. जेवण राहू दे. काय झालं ते मला दाखवा.”

तासगावच्या वाटेवर गाडीत श्रद्धा बोलायला लागली ती थांबेना. द्राक्षबागेत ऑक्टोबरात छाटणी झाली की फवारण्या सुरू होतात. ट्रॅक्टरमागं ब्लोअर लावून पुरुष फवारतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच ओल्या पानांत बायका घडांच्या विरळणीला शिरतात. फवाऱ्यातल्या काही औषधांनी रक्तातलं एक एन्झाइम मरतं. श्रद्धाला ते मोजायचं होतं, हंगामाच्या आधी एकदा आणि मध्ये एकदा. दीडशे माणसं तयार झाली होती. निधीनं नकार दिला तरी तिनं हट्टानं रक्त घेतलं, सप्टेंबरात आणि पुन्हा डिसेंबरात. तपासायची रसायनं मात्र निधीच्या पैशातून यायची होती. ती आली नाहीत. नळ्या फ्रीजरमध्ये वाट बघत राहिल्या.

“पुन्हा अर्ज का नाही केलात?”

“एकदा नाकारला की दोन वर्षं करता येत नाही, मॅडम. नियम आहे तुमचा.”

श्रद्धा ज्या एन्झाइमबद्दल सांगत होती, त्याच्यावरच मदिनाबाईंनी डॉक्टरेट केली होती. मज्जातंतूचा निरोप स्नायूला पोचला की तो पुसून टाकायचं काम ते एन्झाइम करतं. ते मेलं की निरोप पुसलाच जात नाही. स्नायू फडफडत राहतात, तोंडातून लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, चाल अडखळते. लांबून बघणाऱ्याला वाटतं, गडी प्यालाय.

त्यांचे वडील बादशहा तांबोळी तासगावच्या स्टँडमागं फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. नोझल तुंबलं की तोंडाला लावून फुंकायचे. दिवसात तीस-चाळीस नोझलं. मदिना कोल्हापुरात एम.एस्सी.ला असताना एका दुपारी ते दुकानातच कोसळले. मिरजेच्या डॉक्टरांनी जीव वाचवला, पण हातांची थरथर गेली नाही. मग गावात बोलणं उठलं की बादशहा प्यायला लागला. ज्या माणसानं सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नव्हतं, त्याच्यापासून लोक नमाजाच्या रांगेत हातभर सरकून उभे राहायला लागले. अब्बा कुणाला काही बोलले नाहीत. फक्त मशिदीत जायचे बंद झाले आणि घरातच नमाज पढायला लागले.

त्या रागावर मदिनानं डॉक्टरेट केली. कराडच्या कॉलेजात नोकरी धरली आणि पंप दुरुस्त करणाऱ्यांचं रक्त तपासण्यासाठी दिल्लीला प्रस्ताव पाठवला. उत्तर आलं, ‘विषय स्थानिक स्वरूपाचा आहे.’ नऊ वर्षांत तीनदा पाठवला, तिन्ही वेळा तेच. शेवटी ती पुण्याच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत गेली आणि ज्याला पैसे मिळतात असं दुसरंच प्रथिन शोधत बसली. त्यात नाव झालं. नावातून समित्या आल्या, समित्यांतून पद आलं. निकाह करायचा राहून गेला. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला घर बांधून अब्बांना तिथं आणलं, तेव्हा त्यांना चहाचा कपसुद्धा दोन हातांनी धरावा लागत होता. त्याच घरात ते गेले.

संचालक झाल्यावर पहिल्याच महिन्यात मंत्र्यांचे, आमदारांचे, कुलगुरूंचे फोन सुरू झाले. मदिनाबाईंनी एक नियम केला आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. तीन तज्ज्ञ गुण देतील, एकाचेही गुण चाळीसच्या खाली आले तर प्रस्ताव आपोआप बाद, संचालकालासुद्धा त्यात बोट घालता येणार नाही. वशिला बंद म्हणजे बंद.

त्यांनी गाडीतूनच पुण्याला स्पीकरवर फोन लावला. सहसंचालक मुकुल देवस्थळींनी फाइल काढून वाचून दाखवली. पहिल्या तज्ज्ञाचे शहाऐंशी, दुसऱ्याचे एक्याण्णव, तिसऱ्याचे चौतीस.

“चौतीस का?”

“शेरा आहे, मॅडम. ‘संस्थेकडे योग्य शीतयंत्रणा नाही. विषय स्थानिक स्वरूपाचा.’ एवढंच. त्यांनी त्या एका दिवसात चाळीस प्रस्ताव तपासलेत.”

“आणि आपण कुणी बघितलं नाही?”

“बघायचं नाही असाच नियम आहे, मॅडम. आपलाच.”

त्यांनी फोन बंद केला. राग कुणावर काढावा तेच कळेना.

कॉलेजच्या मागच्या खोलीत आइस्क्रीमवाल्यांकडे असतो तसला एक आडवा फ्रीजर होता. श्रद्धानं झाकण उघडलं. आत धुतलेल्या रिकाम्या नळ्या होत्या.

“मे महिन्यात ट्रान्सफॉर्मर जळला. कॉलेजला सुट्टी, मी विट्याला माहेरी. शिपाई पण गावाला. चार दिवस एक्केचाळीस डिग्रीत राहिलं सगळं. दार उघडलं तर वासच आला. तीनशे नळ्या, मॅडम. मी एकटीनं ओतून दिल्या.” ती फ्रीजरच्या कडेवर हात ठेवून उभी राहिली. “सरकारी प्रयोगशाळेतला फ्रीजर असता, जनरेटर असता, तर राहिलं असतं. पण तो आमच्याकडे नाही म्हणून तर गुण कापले, आत्ता गाडीत ऐकलंच. नाही म्हणून मागायचा, आणि नाही म्हणून मिळायचा नाही.”

“आणि तो माणूस?”

“बिरदेव. ब्लोअर चालवायचा. डिसेंबरात त्यानं रक्त दिलं आणि सहाव्या दिवशी बागेतच पडला. दवाखान्यात नेईपर्यंत संपला. कागदावर ‘हृदयक्रिया बंद’ लिहिलं. बागमालक म्हणाला, सकाळपासनं पिऊन होता. त्याच्या दोन्ही नळ्या माझ्याकडे होत्या. एका दिवसाचं काम होतं, मॅडम. एका दिवसाचं.”

बिरदेवची आई हरणाबाई गावाबाहेरच्या वस्तीवर राहायची. दोघी तिथं पोचल्या तेव्हा ती ओसरीत ज्वारी पाखडत होती. साठीची, वाळकी, काळीसावळी. श्रद्धानं ओळख करून दिली, की या पुण्याच्या मोठ्या मॅडम, पैसे देणं न देणं यांच्या हातात असतं. हरणाबाईनं सूप खाली ठेवलं, पण बसा म्हणाली नाही.

“पुन्ना रगात मागाया आलाय व्हय?”

“नाही,” मदिनाबाई म्हणाल्या.

“न्हाई तर मागू बी नगा. दोनदा दिलं. ही श्रद्धाबाई म्हनली, तुमच्या रगतात काय हाय त्ये कागदावर लिवून देते. दिलं का? माझं जाऊ द्या, मी म्हातारी. माझ्या बिरूचं रगात कुटं हाय? फेकून दिलं म्हनं. वास आला म्हनं.” तिचा आवाज चढला. “माझ्या पोराच्या रगताचा वास आला तुमास्नी?”

श्रद्धा रडायला लागली. हरणाबाईनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

“त्यो माळकरी हुता. गळ्यात तुळशीची माळ घालून ब्लोअर चालवायचा. आन् नानासो, बागंचा मालक, सगळ्यांम्होरं म्हनला, गडी पिऊन पडला. माझा नातू साळंत गेला तर पोरं झोकांड्या खाऊन दावत्यात त्याला. मला पैसं नगो कुनाचं. माझा पोरगा पीत न्हवता, एवढं लिवून द्या. तुमी मोट्या हाय न्हवं? द्या लिवून.”

मदिनाबाई जमिनीवर तिच्यासमोर बसल्या. पुण्यात, साताऱ्यात, समित्यांत बोलताना कधी तोंडात न येणारी बोली त्यांच्या तोंडात आली.

“हरणाबाई, माझा बाप पंप नीट करायचा. नोझल तोंडानं फुकायचा. त्याचं बी असंच झालं. त्येला बी लोक दारुडा म्हनलं. मरंस्तवर म्हनलं. म्हनून मी ह्ये शिकले.”

हरणाबाई हळू आवाजात म्हणाली, “म्हंजी तुमाला म्हाईत हुतं.”

एवढंच. तिनं सूप उचललं आणि पुन्हा पाखडायला लागली.

त्या आठवड्यात मदिनाबाईंनी कार्यालयात आधीच्या दोन वर्षांतले बाद प्रस्ताव मागवले. तिघांपैकी एकाच तज्ज्ञाच्या कमी गुणांनी बुडालेले एकशे अठरा निघाले. मालवण, धडगाव, पाटण, किनवट. जवळपास सगळी लहान गावांतली कॉलेजं. मंत्र्याचा फोन अडवायला बांधलेल्या भिंतीला ज्यांच्याकडं लावायला फोनच नव्हता ती माणसं धडकून पडली होती. हे त्यांना कळायला एका परक्या बाईला भर सभेत उभं राहावं लागलं, याचा त्यांना सगळ्यात जास्त संताप आला.

हरणाबाईला हवं ते लिहून देता येणार नव्हतं. बिरदेवच्या रक्तात काय होतं, ते आता कुणालाच कळणार नव्हतं, आणि न तपासलेल्या गोष्टीवर जन्मात त्यांनी सही केली नव्हती. तीन दिवस त्यांनी शब्द जुळवले. चौथ्या दिवशी निधीच्या शीर्षकपत्रावर लिहिलं:

‘बिरदेव यांच्या रक्ताचे दोन नमुने घेतलेले होते, त्यांतील दुसरा मृत्यूपूर्वी सहा दिवस. या कार्यालयाने संशोधनास नकार दिल्यामुळे ते तपासले गेले नाहीत व खराब झाले. ही चूक या कार्यालयाची आहे. फवारणीच्या विषबाधेची लक्षणे दारूच्या नशेसारखी दिसू शकतात. बिरदेव दारू प्यालेले होते असे दाखवणारी कोणतीही तपासणी झालेली नाही. तसे म्हणण्यास कोणाकडेही आधार नाही.’

खाली सही, हुद्दा, शिक्का. पत्र त्यांनी स्वतः नेऊन श्रद्धाच्या हाती दिलं.

पुढच्या रविवारी सकाळी मुकुल साताऱ्याच्या घरी आला. चांगला मुलगा होता तो, नम्र, कामाला वाघ. पण त्या दिवशी खुर्चीच्या टोकावर बसला होता.

“मॅडम, ते पत्र मागे घ्यावं लागेल. विधी विभाग म्हणतोय, शीर्षकपत्रावर चूक कबूल केली म्हणजे उद्या एकशे अठरा जण दारात येतील.”

“येऊ देत. यायलाच हवेत.”

“आपल्याला आठ महिने राहिलेत निवृत्तीला. आपलं नाव स्वच्छ आहे.”

“स्वच्छ?” मदिनाबाई ताडकन उठल्या. “मी कुणाचा पैसा खाल्ला नाही म्हणून स्वच्छ? मुकुल, एक बाई मला तोंडावर म्हणाली, तुम्हाला माहीत होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुझ्या विधी विभागाकडे असलं तर आण जा.”

“निदान ‘चूक’ हा शब्द तरी...”

“तोच शब्द खरा आहे त्या पत्रात. बाकी सगळं ‘झालेली नाही’ आणि ‘आधार नाही’ आहे.”

मुकुल चहा न पिताच गेला.

श्रद्धानं ते पत्र हरणाबाईला दोनदा वाचून दाखवलं. ऐकून ती म्हणाली, “ह्यात पीत न्हवता असं कुटं हाय?” श्रद्धानं समजावलं. हरणाबाई संध्याकाळी दूध घालायची वेळ गाठून श्रद्धाला घेऊन डेअरीपुढं गेली. तिथं अख्खं गाव असतं. नानासोही होता. श्रद्धानं मोठ्यानं पत्र वाचलं.

नानासो हसला. “आवं, पन त्यानं पिली न्हवती म्हून कुटं लिवलंय ह्यात?”

“आन् पिली हुती म्हून कुटं लिवलंय?” हरणाबाई म्हणाली. “तू दावतोस का तुजा कागुद? माझा ह्यो हाय. शिक्का हाय ह्याच्यावर. तुजा काड.”

नानासो किटलीशी खटपट करत राहिला. कुणी त्याच्या बाजूनं बोललं नाही. तिच्याही बाजूनं कुणी बोललं नाही म्हणा, पण एका म्हाताऱ्यानं तिला रांगेत पुढं जायला जागा दिली.

सप्टेंबरातल्या बैठकीत मदिनाबाईंनी स्वतःचाच नियम रद्द करण्याचा ठराव मांडला. अकरा सदस्य होते. प्रत्येकानं त्यांच्या प्रामाणिकपणाची स्तुती केली आणि आठ जणांनी विरोधात हात वर केला. “आपण घालून दिलेली शिस्त आपणच कशी मोडायची?” अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले. हीच माणसं तो नियम आला तेव्हा त्यांच्यावर दात खाऊन होती. आता त्याच नियमानं त्यांच्या ओळखीच्या मोठ्या संस्थांचं भलं होत होतं. मदिनाबाईंनी समोरची फाइल इतक्या जोरात मिटली की पाण्याचा पेला कलंडला. ‘संचालकांचा विरोध’ एवढी नोंद त्यांनी इतिवृत्तात घालायला लावली, शिल्लक रजेचा अर्ज टेबलावर ठेवला आणि बाहेर पडल्या. पत्राबद्दल चौकशी लागली होती, ती लागू दे म्हणाल्या.

मिरजेत त्यांची कराडची एक जुनी विद्यार्थिनी, भार्गवी, स्वतःची प्रयोगशाळा चालवत होती. तिच्याकडं जाऊन मदिनाबाईंनी वस्तीवरचं रक्त नव्यानं तपासायला रसायनं मागितली. निधीची संचालक हात पसरून दारात उभी होती. भार्गवी गडबडून गेली. रसायनं तर तिनं दिलीच, रक्त काढायला आपला एक माणूसही दिला आणि म्हणाली, “नमुने साठवायचेच नाहीत, मॅडम. सकाळी घ्या, दुपारपर्यंत इथं आणा. त्याच दिवशी लावू.”

छाटणीच्या आधीचा शेवटचा रविवार होता. वस्तीवरच्या शाळेच्या पडवीत टेबल मांडलं होतं. श्रद्धा यादी घेऊन बसली होती. मदिनाबाई नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. हे काम त्यांनी पंचवीस वर्षांत केलं नव्हतं. नऊ वाजून गेले तरी कुणी फिरकलं नाही. गेल्या वर्षीच्या दीडशेपैकी कुणीच नाही. लोक लांबून बघत होते आणि बागेकडं जात होते.

साडेनऊच्या सुमाराला हरणाबाई आली. मागं तीन बायका होत्या, त्यांच्यामागं आणखी पाच-सहा. ती थेट खुर्चीत बसली आणि दंडापर्यंत चोळी सरकवली.

“ह्या टायमाला कवा कळनार?”

“आज सांजच्याला,” मदिनाबाई म्हणाल्या. “मी सोता येऊन सांगते. कागदावर लिवून.”

“या. न्हाई आला तर मी पुन्याला येईन.”

सुई टोचली तेव्हा तिनं मान वळवली नाही. नळी भरताना शेवटपर्यंत बघत राहिली.

दहा वाजेपर्यंत रांग लागली. श्रद्धा जुन्या यादीतलं नाव आणि क्रमांक पुकारत होती, ज्याचा त्याचा जुनाच क्रमांक नळीवर जात होता. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. मग ती थांबली. एक्केचाळीस बिरदेवचा होता. पुढं उभा असलेला पोरगा नवा होता, यंदाच ब्लोअरवर लागलेला, यादीत नसलेला. तिनं पेन उचललं, मदिनाबाईंकडं पाहिलं आणि एक्केचाळीससमोर त्याचं नाव लिहायला लागली.

“थांब,” हरणाबाई म्हणाली. ती दंडावर कापूस दाबून भिंतीला टेकून बसली होती. तिला वाचता येत नव्हतं, पण मोजता येत होतं. “त्यो लंबर ऱ्हाऊ दे. पोराला दुसरा दे.”

मदिनाबाईंनी एक्केचाळीसची चिठ्ठी बोटावरून काढली आणि टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवली. पोराला एकशे एक्कावन्न दिला. मग श्रद्धानं बेचाळीस पुकारलं.